स्वतःचा धनी आणि कर्तेपणाचा प्रश्न

नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू करावा की नाही, या प्रश्नाचा विचार सामान्यतः भांडवल, गिऱ्हाईक, जोखीम आणि उत्पन्न एवढ्याच अंगांनी केला जातो, आणि व्यवसाय-मार्गदर्शनाची बहुतेक पुस्तके त्यापलीकडे जात नाहीत. परंतु हा निर्णय घेणाऱ्या माणसाच्या मनात हिशेबाच्याही आधी एक ओढ असते, आणि आपल्यावर कोणी धनी नसला म्हणजे आपण मोकळे झालो, हे त्या ओढीमागचे गृहीतक असते. ते कितपत खरे आहे, धनी गेल्यावर त्याची जागा रिकामी राहते की दुसरे कोणी ती बळकावते, आणि कामातले स्वातंत्र्य नेमके कशाला म्हणावे, हे प्रश्न महाराष्ट्राच्या धर्मपरंपरेला नवे नाहीत. तिने ते वेगळ्या परिभाषेत मांडले, आणि कधी कधी त्यांची उत्तरे चुकीच्या माणसांना दिली. स्वयंरोजगाराचा सल्ला देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही ती परिभाषा व ती चूक, दोन्ही समजून घेणे आवश्यक आहे.

शेती उत्तम, व्यापार मध्यम आणि नोकरी कनिष्ठ ही उतरंड मराठी लोकव्यवहारात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि नोकरीविषयीच्या या तुच्छतेची मुळे शास्त्रग्रंथांतही सापडतात. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाने कोणत्या मार्गांनी उपजीविका करावी याची गणना आहे. तीत शेतात उरलेले दाणे वेचण्याला ‘ऋत’, न मागता मिळालेल्याला ‘अमृत’, शेतीला ‘प्रमृत’ आणि व्यापाराला, त्यात खरे-खोटे मिसळलेले असते म्हणून, ‘सत्यानृत’ अशी नावे दिली आहेत, आणि दुसऱ्याच्या चाकरीला ‘श्ववृत्ती’, म्हणजे कुत्र्याचे जिणे, म्हणून ती सर्वस्वी वर्ज्य ठरवली आहे. चाकरी माणसाला हीन करते असे सांगणारा हाच ग्रंथ इतर वर्णांची सेवा हे शूद्राचे कर्तव्य म्हणून नेमून देतो. जी वृत्ती एका माणसासाठी अपमान ठरते तीच दुसऱ्यासाठी धर्म ठरावी, ही विसंगती केवळ तर्काची नाही. एकाच्या स्वातंत्र्याचा मान दुसऱ्याच्या सक्तीच्या सेवेवर उभा होता, याची ती कबुली आहे. म्हणून स्वावलंबनाची थोरवी गाणाऱ्या प्रत्येक वचनाला प्रथम हे विचारले पाहिजे की ते कोणाला उद्देशून आहे, आणि त्यातून कोणाला वगळले आहे.

वारकरी संतांकडे वळल्यास चित्र वरवर पाहता पालटते. अरणचा सावता माळी, तेरचा गोरा कुंभार, पंढरपूरचा नरहरी सोनार, सेना न्हावी, नामदेव शिंपी अशी ही नावे त्यांच्या व्यवसायांसकटच उच्चारली जातात, आणि हातातले काम न सोडता त्यातच ईश्वर पाहिल्याबद्दल त्यांना मान दिला जातो. सावता माळी पंढरीला गेला नाही, मळ्यातच रमला, ही त्याच्या चरित्रातली कथा या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे, कारण तिच्यात तीर्थ आणि कामाची जागा यांमधले अंतरच पुसले जाते. या संतांना आजच्या स्वयंरोजगाराचे आदर्श म्हणून पुढे करण्याचा मोह त्यामुळे सहज होतो. पण इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. माळी, कुंभार, सोनार, न्हावी हे त्या काळच्या गावगाड्यात बव्हंशी आजच्या अर्थाने स्वतंत्र व्यावसायिक नव्हते. बलुतेदारी या व्यवस्थेत कारागीर वर्षभर गावाचे काम करी आणि सुगीला प्रत्येक शेतकऱ्याकडून ठरलेला धान्याचा वाटा, म्हणजे बलुते, घेई. काम वंशपरंपरेने येई, गिऱ्हाईक निवडण्याची मुभा नसे, मोबदला ठरवण्याचीही नसे, आणि त्या बदल्यात उपाशी न मरण्याची काहीशी हमी आणि गावात एक ठरलेले स्थान मिळे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात त्रिंबक नारायण आत्रे यांनी या व्यवस्थेचे जे बारकाईने वर्णन केले, त्यातून दिसते ते हेच की बलुतेदार हा कोणा एका धन्याचा चाकर नसला तरी अख्ख्या गावाचा चाकर होता.

हातातले काम ईश्वरार्पण करण्याच्या उपदेशाला या पार्श्वभूमीवर दोन अर्थ येतात. जे काम बदलता येत नाही त्यात अर्थ शोधणे ही माणसाच्या मनाची मोठी शक्ती आहे आणि संतांनी ती शक्ती सामान्य माणसाच्या हाती दिली, हा एक अर्थ. आणि काम बदलता येऊ नये अशी ज्यांची इच्छा होती त्यांना तोच उपदेश सोयीचा पडला, हा दुसरा. महार जातीत जन्मलेल्या संत चोखामेळ्याच्या वाट्याला आलेले जीवन या दुसऱ्या अर्थावर कठोर प्रकाश टाकते. परंपरेनुसार १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना भिंत कोसळून तो आणि त्याच्यासोबतचे मजूर गाडले गेले. ज्याच्या अभंगांनी पंढरीच्या भक्तीला एक वेगळी आर्तता दिली, त्याला मंदिराच्या आत जाता आले नाही आणि आपण कोणते काम करावे हे ठरवताही आले नाही. अशा माणसाला फळाची आसक्ती सोड असे सांगण्यात कोणता धर्म आहे? फळ त्याच्या हाती कधी आलेच नव्हते.

या प्रश्नाला विसाव्या शतकात सर्वांत स्पष्ट उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतरच्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. वतन म्हणजे गावकीच्या व सरकारी कामाच्या बदल्यात वंशपरंपरेने मिळणारा जमिनीचा तुकडा व हक्क. तो वरून मानाचा दिसे, पण तुटपुंज्या मोबदल्यात अख्ख्या कुटुंबाला दिवसरात्र राबवून घेण्याचे ते साधन होते, आणि म्हणूनच ज्याला इतर लोक इनाम समजत त्याला त्यांनी दास्य म्हटले. जातिसंस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यांचा १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या विवेचनातला मुद्दा व्यवसायाच्या प्रश्नाच्या मुळाशी जातो: श्रमविभागणीत माणूस काम निवडतो, तर जातीत काम माणसाच्या जन्माआधीच त्याची वाट पाहत असते. भारताच्या संविधानातील अनुच्छेद १९ चा कोणताही व्यवसाय, पेशा किंवा व्यापार करण्याचा हक्क आणि वेठबिगारीला मनाई करणारा अनुच्छेद २३ यांचा अर्थ या इतिहासाशिवाय पुरता कळत नाही. स्वयंरोजगाराच्या अध्यात्माची पहिली पायरी अशा रीतीने राज्यव्यवस्थेत आणि कायद्यात आहे. निवड करण्याचा हक्क आधी, आणि त्या निवडीतला अहंकार सोडण्याचा उपदेश नंतर, हा क्रम उलटा केला की धर्म जुलमाचा भागीदार होतो.

निवड हाती असलेल्या माणसासमोर मात्र वेगळाच प्रश्न उभा राहतो, आणि त्यासाठी संतपरंपरेत तुकारामांइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. देहूच्या मोरे घराण्याकडे तिथल्या पेठेची महाजनकी होती, घरात वाण्याचा व्यवसाय आणि सावकारी होती, आणि थोरला भाऊ सावजी विरक्त वृत्तीचा असल्यामुळे हा सारा व्याप फार लहान वयात तुकारामांच्या अंगावर आला. म्हणजे बलुतेदारांप्रमाणे त्यांचे उत्पन्न गावाने ठरवून दिलेले नव्हते; ते खरेदी-विक्री, उधारी आणि वसुली यांवर, आजच्या भाषेत धंद्याच्या चढउतारावर, अवलंबून होते. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये पाऊस गेला, त्याच काळात सैन्यांच्या हालचालींनी पुणे प्रांत उद्ध्वस्त झाला, आणि त्या भीषण दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले, दुकान बुडाले, दिवाळे निघाले. आपल्या अभंगांत त्यांनी या दिवाळ्याचा उल्लेख लपवून ठेवलेला नाही. जनलज्जेने आपण किती पोळलो तेही ते सांगतात. व्यवसाय बुडालेल्या माणसाची लाज ही मराठी वाङ्मयात इतक्या उघडपणे आणि इतक्या लवकर आलेली आहे, याकडे अभ्यासकांचे लक्ष जेवढे जायला हवे तेवढे जात नाही.

ही लाज कोठून येते हा खरा तात्त्विक प्रश्न आहे. नोकरी गेली तर मनुष्य दुःखी होतो, घाबरतो. पण स्वतःचा धंदा बुडाला की तो स्वतःलाच नापास समजतो, कारण धंद्यातले यशही त्याने स्वतःच्याच नावावर लिहिलेले असते. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात या हिशेबातली चूक दाखवली आहे. कोणतेही कर्म घडण्यास पाच कारणे लागतात, असे तिथले प्रतिपादन आहे: अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधाराने कर्म होते तो देह, कर्ता, म्हणजे करणारा जीव, करण, म्हणजे इंद्रिये व साधने, चेष्टा, म्हणजे नाना प्रकारचे व्यापार आणि खटाटोप, आणि पाचवे दैव, ज्याचा अर्थ भाष्यकारांनी इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता असा केला असला तरी लोकव्यवहारात ते माणसाच्या हाताबाहेरच्या सर्व कारणांचे नाव झाले. ही पाचही असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची दृष्टी सदोष आहे, असा तिथला निष्कर्ष आहे. देहूच्या दुकानाला हा विचार लावून पाहिला तर गल्ल्यावर बसलेला माणूस हे पाचांतले एकच कारण ठरते. पाऊस, सैन्ये, धान्याचे भाव, देणेकऱ्यांची ऐपत यांपैकी काहीही त्याच्या उद्योगीपणाच्या कक्षेत नव्हते.

हा विचार म्हणजे दैववाद नव्हे, आणि तसा तो वाचला गेल्याने महाराष्ट्राचे नुकसानच झाले आहे. पाचांपैकी कर्ता, करण आणि चेष्टा ही तिन्ही प्रयत्नाची अंगे आहेत; आणि त्याच अध्यायात सात्त्विक कर्त्याचे वर्णन करताना आसक्ती व ‘मी’पणाचा अभाव यांच्याबरोबरच धृती आणि उत्साह हे गुण सांगितले आहेत, म्हणजे टिकून राहण्याची शक्ती आणि कामाची उमेद. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्ञानानंतरही कर्म सोडू नये, हा सिद्धान्त मांडला, रामदासांनी दासबोधाच्या बाराव्या दशकात परमार्थाआधी प्रपंच नीट करण्यास सांगितले आणि यत्नाला मोठे स्थान दिले. कर्तेपण सोडणे आणि काम सोडणे यांतला भेद या साऱ्यांनी जपला आहे. व्यवसाय करू इच्छिणाऱ्याला त्यातून मिळणारी शिकवण अगदी व्यवहाराची आहे: आपल्या यशातली इतर चार कारणे ज्याला मोजता येतात तोच अपयशातही ती मोजू शकतो, आणि म्हणूनच बुडाल्यावर पुन्हा उभा राहू शकतो. यशाचे सारे श्रेय घेणारा मनुष्य स्वतःच्या नकळत पुढच्या अपयशाचा सारा दोषही घेऊन ठेवत असतो.

धनी नसलेल्या माणसाचे पुढे काय होते, हेही पाहिले पाहिजे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार भारतातील काम करणाऱ्यांपैकी सुमारे ५८ टक्के स्वयंरोजगारात आहेत. म्हणजे आपल्या देशात स्वयंरोजगार हा काही थोड्या धाडसी लोकांचा मार्ग नसून बहुसंख्यांची स्थिती आहे, आणि त्यांतल्या अनेकांनी तो निवडलेला नाही, नोकरी नव्हती म्हणून तो पत्करला आहे. अशा माणसावर धनी नसतो हे खरे, पण सावकार असतो, घाऊक व्यापारी असतो, पैसे थकवणारे मोठे गिऱ्हाईक असते. आणि मोबाईलवरच्या ॲपमार्फत घरपोच सेवा देणाऱ्याला तर काम, दर आणि शिक्षा तिन्ही ठरवणारी अशी एक यंत्रणा असते की जिच्याशी भांडताही येत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांना कायद्यात नाव दिले, ही दखल उशिराची असली तरी योग्य आहे. या बाहेरच्या धन्यांशिवाय आणखी एक धनी आत बसलेला असतो, जो सुट्टी देत नाही, आजारपण मान्य करत नाही आणि रात्रीही हिशेब मागतो. नोकराला निदान संध्याकाळी घरी जाता येते.

या स्थितीत स्वातंत्र्याची जी व्याख्या बौद्ध परंपरेत आढळते ती सर्वांत ठोस वाटते. गृहस्थ अनाथपिंडिकाला केलेल्या उपदेशात बुद्धाने चार सुखे सांगितली आहेत: न्यायाने मिळवलेले धन असण्याचे, त्याचा उपभोग घेण्याचे, ऋणमुक्त असण्याचे, आणि आपल्या आचरणात दोष नसल्याचे. यांतल्या तिसऱ्याला पालीत ‘अनणसुख’ म्हणतात. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवावा असे सांगितले आहे; सम्यक आजीविका या अष्टांगिक मार्गातील अंगाचा विस्तार करताना उपासकाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये असेही सांगितले आहे. या दोन उपदेशांचा परस्परसंबंध क्वचितच लक्षात घेतला जातो. निषिद्ध धंद्याला, खोट्या मालाला, अपमान करणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणण्याची ताकद माणसाला केवळ सदाचाराच्या निश्चयातून मिळत नाही. राखून ठेवलेला चौथा भाग आणि डोक्यावर नसलेले कर्ज यांतून ती मिळते. दारिद्र्यात नीती पाळणारे थोर असतात, पण सर्वांकडून त्या थोरवीची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे, आणि बुद्धाने ती धरलेली नाही. नव्याने व्यवसायात उतरणाऱ्याने काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा हा सल्ला म्हणून केवळ सावधगिरीचा नसून नैतिक आहे: तो शिलकीचा पैसा म्हणजे त्या माणसाच्या सद्‌सद्विवेकाचे भांडवल होय.

‘नाही’ म्हणता येणे हे स्वातंत्र्याचे एक अंग झाले. ‘पुरे’ म्हणता येणे हे दुसरे, आणि ते अधिक अवघड आहे. बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांनी ‘कायक’ आणि ‘दासोह’ या दोन कल्पना जोडीने मांडल्या: कायक म्हणजे प्रत्येकाने प्रामाणिकपणे स्वतः केलेले श्रम, आणि दासोह म्हणजे त्यातून आलेले समाजाला नम्रपणे अर्पण करणे. सांडलेले तांदूळ वेचून उपजीविका करणारा मारय्या आणि त्याची पत्नी लक्कम्मा यांची कथा महाराष्ट्रातील लिंगायत समाजालाही परिचित आहे. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला, तेव्हा रोजच्या गरजेपुरते ठेवून उरलेले परत टाकून यायला लक्कम्माने त्याला सांगितले. तिचा आक्षेप चोरीला नव्हता, कारण चोरी झालीच नव्हती; आजच्या गरजेपलीकडचे दाणे घरात येताच कामाचा हेतू बदलतो, हे तिने ओळखले होते. सिगालोवाद सुत्त साठवण करायला सांगते आणि लक्कम्मा साठवणीला नकार देते, आणि हा विरोध मिटवून टाकण्याची घाई करू नये. आपत्काळासाठी राखलेला भाग आणि हाव यांच्यामधली रेघ कोणत्याही ग्रंथाला आखून देता येत नाही, आणि नोकरीत जी पगाराच्या आकड्याने आपोआप आखली जाते ती स्वतःच्या व्यवसायात माणसाला रोज स्वतःच आखावी लागते. स्वयंरोजगार ही नोकरीपेक्षा कठीण साधना आहे ती या कारणाने.

ती रेघ कोणी आखायची, या प्रश्नावर संतचरित्रांतला एक तपशील फार महत्त्वाचा आहे. महिपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या चरित्रांतून रूढ झालेल्या कथेनुसार तुकारामांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली. कीर्तनांत आणि चित्रपटांत या प्रसंगाचे वैराग्य तेवढे ठळक केले जाते. परंतु खतपत्रे बुडवण्याआधी त्यांनी धाकटा भाऊ कान्होबा याचा निम्मा वाटा वेगळा काढून त्याच्या हवाली केला, आणि फक्त आपल्या वाट्याचे येणे सोडले. धर्मविचाराच्या दृष्टीने हा वाटणीचा क्षण त्यागाइतकाच मोलाचा आहे, कारण दुसऱ्याच्या हक्कावर पाणी सोडणे म्हणजे त्याग नव्हे. येणे सोडल्याने देणेकरी कुळे मोकळी झाली, म्हणजे त्या निर्णयाचे फळ दुष्काळाने पिचलेल्या घरांना मिळाले, हेही त्याच हिशेबात येते.

या वाटणीत तुकारामांची दुसरी पत्नी जिजाई हिचा हिस्सा मात्र कोणी काढला नाही. चरित्रपरंपरा सांगते की धंदा पुन्हा उभा राहावा म्हणून तिने स्वतःच्या शब्दावर कर्ज काढून पतीला भांडवल मिळवून दिले, आणि परतीच्या वाटेवर भेटलेल्या एका कर्जबाजारी माणसाची कणव येऊन तुकारामांनी ते पैसे त्याला देऊन टाकले. तिला कजाग ठरवणाऱ्या कथा शतकानुशतके सांगितल्या गेल्या. पण लेकरांच्या पोटाची काळजी वाहणारी आणि त्या कर्जाला जामीन असलेली व्यक्ती ती होती, आणि तिचा संताप हा त्या व्यवसायातल्या एका भागीदाराचा संताप होता, हे म्हणायला मराठी समीक्षेला फार वेळ लागला. श्रमबल सर्वेक्षणाच्या ज्या आकड्यात ५८ टक्के लोक स्वयंरोजगारात मोजले जातात, त्यातच घरच्या उद्योगात विनामोबदला राबणारेही धरलेले आहेत. सर्व कामकऱ्यांत त्यांचे प्रमाण जवळजवळ पाचवा हिस्सा असून त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. दुकानावर पाटी एकाच्या नावाची असते, आणि मागच्या खोलीत निवडणे, दळणे, शिवणे, हिशेब लिहिणे, उधारी मागायला आलेल्याला थोपवणे हे काम दुसऱ्याचे असते. कर्तेपणाचा अहंकार सोडण्याची गोष्ट करणाऱ्या व्यावसायिकाला गीतेतल्या पाच कारणांची यादी वाचताना ‘करण’ या शब्दाखाली आपल्या घरातली माणसे साधने म्हणून घालता येणार नाहीत. ती कर्ता याच सदरात येतात, आणि नफ्यात, मालकीत व धंदा चालवावा की थांबवावा या निर्णयात त्यांचा वाटा कान्होबाच्या वाट्यासारखाच आधी काढून ठेवावा लागतो.